पिकअपची फायबरग्लास कॅप (मागच्या बेडवर, म्हणजे सामानाच्या हौद्यावर, बसणारं टपासारखं आच्छादन) गॅरेजच्या छताला टांगायची आहे. एकट्याला काढ-घाल करता येईल असा हॉइस्ट (ओझं वर उचलायचं साधन) कसा बसवावा?

नोव्हीकर (मिशिगन)

गाडी फोर्ड एफ-150, सुपरक्रू, साडेपाच फुटी बेड, फोर-व्हील ड्राइव्ह. बेडसाठी दोन आच्छादनं आहेत. एक केबिनच्या उंचीची फायबरग्लास कॅप (काचेच्या मागच्या दारासकट 180 ते 200 पौंड), दुसरं तीन घड्यांचं कडक ट्राय-फोल्ड कव्हर. उन्हाळ्यात कॅम्पिंगला कॅप लागते. एरवी लाकडं, माती, फर्निचर आणायचं तर ट्राय-फोल्ड बरं पडतं. दर वेळी कॅप उतरवायला चार माणसं गोळा करायची आणि मग ती अंगणात ताडपत्रीखाली ठेवायची, हे बंद करायचं आहे.

मापं अशी: गॅरेज दोन गाड्यांचं, खोली 22 फूट, छत 9 फूट, दार 7 फुटी. वर ट्रस (छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे) आहेत, 24 इंचांवर एक, आणि खालून अर्धा इंची ड्रायवॉल (जिप्समचे पत्रे). गॅरेजवर खोली नाही, पोटमाळ्यात शिरता येतं. बेडच्या कडेची जमिनीपासून उंची 56 इंच, कॅपची स्वतःची उंची 22 इंच, केबिन 77 इंच.

प्रश्न तीन.
1) जीपच्या हार्डटॉपसाठी मिळतो तो चार टोकांचा दोरीचा हॉइस्ट चालेल की विजेचा घ्यावा?
2) ट्रसला एवढं वजन झेपेल का?
3) कॅप खालून धरायची कशी? वरच्या रूफ रॅकला पट्टे बांधले तर?

---

खटपट्या (ओहायो)

हॉइस्ट कोणता हा प्रश्न नंतरचा. आधी गाडी गॅरेजात कोणत्या तोंडाने लावता ते सांगा. बहुतेक लोक नाक आत घालून लावतात आणि ही सगळी योजना तिथेच फसते.

तुमच्याच मापांवर बघा. एफ-150 सुपरक्रू साडेपाच फुटी बेडसह सुमारे 232 इंच लांब, म्हणजे 19 फूट 4 इंच. गॅरेज 264 इंच. नाक आत घातलं तर बेड दाराकडच्या पहिल्या सात-आठ फुटांत येतो. गॅरेजचं दार उघडल्यावर आडवं होऊन नेमकं तिथेच पसरतं. कॅप वर जायला जागाच नाही. शिवाय गाडी मागे घेऊन बाहेर काढताना अख्खी केबिन आणि बॉनेट टांगलेल्या कॅपखालून जाणार.

उंचीचं गणित: छत 108, त्यातून कॅप 22, छताखालून आडव्या धावणाऱ्या तारा आणि कप्प्यांसाठी 5, कॅपखालचा आडवा दांडा दीड इंच. उरले साडेएकोणऐंशी. केबिन 77, वर शार्क-फिन अँटेना. कागदावर दोन-अडीच इंच दिसतात, पण टायरमधली हवा, रिकामी-भरलेली गाडी आणि दाराच्या उंबऱ्यावरचा उसळा यांतच ते संपतात.

गाडी उलटी लावा, मागचा भाग आत. बाहेर पडताना केबिन आधी निघून जाते आणि कॅपखालून फक्त बेड सरकतो. मग 79.5 वजा 56, तब्बल 23 इंच मोकळे. 8 फुटी छत असलेल्यांनाही हाच मार्ग: 67.5 वजा 56, म्हणजे साडेअकरा इंच. पुरे झाले. टांगलेल्या कॅपखालून केबिन न्यायचीच असेल तर 10 फुटी छत हवं.

दाराच्या ओपनरची मोटार साधारण दहा-अकरा फुटांवर लटकते. उलट्या गाडीचा बेड मागच्या भिंतीपासून आठ फुटांच्या आत असतो, त्यामुळे तिचाही अडथळा नाही.

एक काम आजच करा. गाडी उलटी लावून टेलगेट आणि मागची भिंत यांत किती अंतर ठेवता ते ठरवा आणि जमिनीवर चाकाला अडवणारा ठोकळा पक्का करा. छतातल्या कप्प्या एकदा बसल्या की गाडी दर वेळी त्याच जागी, इंच-दोन इंचांच्या फरकाने, उभी राहिली पाहिजे. बाजूच्या अंतरासाठी चाकाच्या रेषेत जमिनीवर पट्टी मारा.

---

सुतारपक्षी (मिनेसोटा)

खटपट्यांशी सहमत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

झेपेल, पण कसं टांगता त्यावर. साध्या गॅरेजच्या ट्रसची खालची पट्टी ही सामान ठेवायला केलेली नसते. ड्रायवॉल आणि इन्सुलेशन पेलावं एवढाच तिचा हिशेब असतो, बहुधा चौरस फुटाला 10 पौंड. 24 इंचांवरच्या 22 फुटी ट्रसला तो आकडा 440 पौंड होतो, त्यातला निम्मा किंवा त्याहून कमी भाग ड्रायवॉल आणि इन्सुलेशन खातं. त्यामुळे 220 पौंड (कॅप आणि तिच्याखालचे दांडे मिळून) चार ट्रसवर वाटले तर प्रत्येकी 55 पौंड, हे मोठं ओझं नाही. तेच ओझं एका ट्रसच्या टू-बाय-फोरवर (नावाने 2 बाय 4 इंची लाकूड), दोन जोडांच्या मधोमध, एका आय-बोल्टने (डोक्याला कडी असलेला बोल्ट) लटकवलं तर पट्टी वाकते आणि खालच्या ड्रायवॉलला लांब भेग जाते. ही भेग धोक्याची पहिली खूण समजा.

ट्रसला भोक पाडू नका. अमेरिकन निवासी बांधकाम संहितेतल्या आर 802.10.4 कलमाप्रमाणे ट्रसचा कुठलाही भाग इंजिनिअरच्या मंजुरीशिवाय कापता, खाचता, भोक पाडता येत नाही. ओझं वाढवायलाही तपासणी लागते. ट्रस बनवणाऱ्याचा शिक्का पट्टीवर असतो, त्यावरून आराखडा मागवता येतो. थोडा त्रास आहे, पण एका ईमेलचं काम.

पद्धत अशी. पोटमाळ्यात चढून टू-बाय-सिक्स ट्रसच्या आडवे, खालच्या पट्ट्यांच्या वर टाका. एक कॅपच्या पुढच्या कडेच्या रेषेत, एक मागच्या. प्रत्येक निदान चार ट्रसवर टेकलेला हवा, म्हणजे 8 फूट तरी लांब. मधल्या मोकळ्या जागेत, जिथे खाली कप्पी हवी, तिथे टू-बाय-सिक्समधून आरपार 3/8 इंची आय-बोल्ट सोडा. वर मोठा चौकोनी वॉशर, दोन नट. ओझं ट्रसवर फक्त वरून टेकतं, भोक पडत नाही. टू-बाय-सिक्स उभा ठेवून दोन्ही बाजूंनी लोखंडी कोनांनी बांधा, नाहीतर तो आडवा पडतो.

हे तेव्हाच जमतं जेव्हा ट्रस गाडीच्या लांबीला समांतर असतात. ट्रस गाडीला आडवे असतील तर टू-बाय-सिक्स गाडीच्या लांबीच्या दिशेने येतील, एक डाव्या कडेवर, एक उजव्या. तत्त्व तेच.

पोटमाळा बंद असलेल्यांना खालून लॅग स्क्रूने (लाकडात जाणारा जाड स्क्रू) स्ट्रट चॅनल (पोलादी पन्हळी पट्टी) ठोकण्याचा मोह होतो. 5/16 इंची लॅग स्प्रूस-पाइनमध्ये आट्यांच्या दर इंचाला सुमारे 200 पौंड खेचणं सहन करतो. म्हणजे स्क्रू उपटून येणं ही मुळात अडचण नाही. अडचण आहे पट्टीला पडलेल्या भोकाची आणि भार एका जागी आल्याची. बहुतेक लोक स्क्रूची ताकद मोजून समाधानी होतात.

ड्रायवॉलला पाडलेली भोकं अग्निरोधक सीलंटने बुजवा. घर आणि गॅरेज यांच्यामधला तो आगीचा पडदा आहे, शोभेचा नाही.

---

सातारी_टेक्सासात

कायाकचे (छोट्या वल्हवायच्या होडीचे) दोन हॉइस्ट घ्या, पुढे एक मागे एक. स्वस्त आणि मस्त. एवढं इंजिनिअरिंग कशाला राव?

---

खटपट्या

सातारीकर, कायाकचे हॉइस्ट बहुतेक 100-125 पौंडांचे असतात आणि तो आकडा दोन्ही टोकं मिळून असतो. दोन स्वतंत्र हॉइस्ट म्हणजे आधी पुढचं टोक चार इंच ओढा, मग मागचं चार इंच. एक कुलूप घसरलं की कॅप काचेच्या दारावर तिरकी उभी. 60 पौंडांच्या कायाकला शोभतं ते.

---

जुना_फोरमन (अल्बर्टा)

हॉइस्टबद्दल.

तीन प्रकार येतात. पहिला, चार टोकांचा दोरी-कप्पीचा तयार संच. कप्प्यांमुळे ओढायला जोर कमी लागतो, दोर आपोआप अडकतो. 200 पौंडांपर्यंतचा असेल तर घ्या, पण त्यात दांडे आणि पट्टे यांचं वजनही धरा. दोन टू-बाय-फोर, सात-सात फुटी, जवळपास 18 पौंड होतात. तुमची कॅप 200 भरली तर संचाची मर्यादा ओलांडली. शिवाय बारीक नायलॉन दोर ताणला जातो. संध्याकाळी समपातळीत लटकवलेली कॅप सकाळी एका कोपऱ्यात झुकलेली दिसते. दोर बदलायचाच तर पॉलिएस्टरचा घ्या.

दुसरा, विजेचा छोटा हॉइस्ट. 440 पौंडी म्हणून जो विकतात तो दोन पदरी दोरावर 440, एका पदरावर 220. खोक्यावरचा मोठा आकडा वाचून लोक एक पदर वापरतात. एका पदरावर वेगही जास्त, सेकंदाला साधारण अर्धा फूट. कॅप बेडवर उतरवताना शेवटचे दोन इंच सावकाश हवे असतात आणि या यंत्राला सावकाश हा शब्दच माहीत नाही. दोन पदर लावले तर वेग निम्मा होतो, मग जमतं. वरच्या टोकाचा लिमिट स्विच (हूक वर पोचला की मोटार थांबवणारा) चालतो का ते रिकाम्या हुकवर आधी तपासा.

तिसरा, हाताने फिरवायचा ब्रेक असलेला विंच (ड्रमवर तार गुंडाळणारं यंत्र). माझी पसंती हीच. लक्षात घ्या, बोटीच्या ट्रेलरवरचा खुंटीवाला विंच वेगळा. त्याची खुंटी काढली की हँडल उलटं गरगरतं आणि मनगट जातं. ब्रेक विंचमध्ये हँडल सोडलं की ओझं तिथेच थांबतं. दोन बारकावे. वर चढवताना टिकटिक आवाज यायला हवा. येत नसेल तर तार ड्रमवर उलटी गुंडाळली गेली आहे आणि ब्रेक काम करत नाही. दुसरं, कॅप पूर्ण खाली असताना ड्रमवर निदान चार वेढे शिल्लक राहिले पाहिजेत, तारेचं टोक पकडणारा स्क्रू ओझ्यासाठी नसतो. ब्रेक बसायला तारेवर काही किमान ओझंही लागतं, माहितीपत्रकात दिलेलं असतं. त्यामुळे याच विंचने 50 पौंडांचं ट्राय-फोल्ड उतरवायला जाऊ नका.

तार: 1/8 इंची, 7x19 विणीची, गॅल्व्हनाइज्ड. तुटण्याची मर्यादा 2000 पौंड, कामाची 400. कप्पीचं चाक निदान अडीच इंची घ्या. हार्डवेअर दुकानातली इंचभर चाकाची कप्पी तार मोडते, काही महिन्यांत एकेक धागा उसवलेला दिसतो. टोकांना थिंबल (तारेच्या फासाला आतून आधार देणारी धातूची पन्हळ) घालून फेरूल (तार पकडणारी धातूची नळी) दाबून घ्या. क्लिपच वापरायच्या तर प्रत्येक टोकाला दोन, आणि क्लिपचा यू-बोल्ट तारेच्या मोकळ्या शेपटीवर, खोगीर ओझं पेलणाऱ्या बाजूवर. उलट लावली तर यू-बोल्ट ओझ्याच्या तारेला चेपतो आणि तार तिथूनच जाते.

आता जोडणी. चार कोपऱ्यांच्या चार तारा आपापल्या कप्पीवरून आडव्या होऊन एका पोलादी पट्टीला मिळतात. त्या पट्टीपासून एकच तार भिंतीच्या वरच्या कप्पीवरून खाली विंचला. चारही तारा एकाच पट्टीला असल्यामुळे चारही कोपरे सारखेच चढतात, मागचं दार जड असलं तरी. प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला टर्नबकल (फिरवून लांबी कमी-जास्त करता येणारा आट्यांचा जोड) लावा, समपातळी त्याने साधायची.

ओझं कुठे किती येतं ते नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचा अंदाज इथे चुकतो. कोपऱ्यावर 55 पौंड. पण कप्पीवर तार 90 अंशांत वळते म्हणून तिच्या आय-बोल्टवर 1.41 पट, म्हणजे 78 पौंड, आणि तेही तिरके, आतल्या बाजूला खेचणारे. चारही तारा एकत्र आल्यावर 220 पौंड. भिंतीवरच्या शेवटच्या कप्पीवर पुन्हा 90 अंशांचं वळण: 310 पौंड. म्हणजे सगळ्यात मजबूत जागा कॅपच्या डोक्यावर नको, भिंतीजवळ हवी. ती कप्पी आणि विंच दोन्ही भिंतीच्या तीन स्टडवर (आतल्या उभ्या लाकडी पट्ट्या) आडव्या ठोकलेल्या टू-बाय-टेनवर बसवा. कुठे 180 अंशांचं वळण घेतलंत तर दुप्पट, 440. तसलं वळण टाळा.

पट्टीला सरकायला जागा ठेवा. कॅप 24 इंच उचलायची तर पट्टी 24 इंच सरकणार, म्हणून कोपऱ्याची शेवटची कप्पी आणि भिंतीची कप्पी यांत तीन फूट तरी हवेत. बाजूची भिंत गाडीपासून दोनच फुटांवर असेल तर तारा दाराच्या दिशेला गोळा करा आणि तिथून आणखी एका कप्पीने भिंतीकडे वळवा. तीही 310 पौंडांची, हे विसरू नका. ओपनरच्या मोटारीला घासणार नाही एवढं बघा.

---

नोव्हीकर

जुना फोरमन, इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. ट्रस गाडीला समांतरच आहेत. मागच्या भिंतीपासून टेलगेट 18 इंचांवर राहील. आता कॅप धरायची कशी?

---

मीनल_कोलोराडो

रूफ रॅकला पट्टा अजिबात नको. रॅकचे ट्रॅक छताच्या पातळ फायबरग्लासमध्ये बसवलेले असतात आणि वरून खाली येणारं ओझं पेलण्यासाठी असतात. वर खेचलं की ट्रॅकभोवती जेलकोटला (फायबरग्लासचा वरचा चकचकीत थर) कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा जातात, मग तिथून पाणी. कॅपची ताकद तिच्या खालच्या जाड कडेत आहे, तिथूनच उचलायची.

खालून दोन आडवे टू-बाय-फोर, सपाट घातलेले. कॅपच्या तळापेक्षा दोन्ही बाजूंना चार-चार इंच लांब. "सपाट घातला तर वाकेल" अशी शंका येते, पण कॅप कडांवर टेकते आणि पट्टा तिथून चार इंचांवर असतो, दांड्याच्या मध्यावर ओझं नसतंच. दांड्यावर जुन्या गालिच्याचा तुकडा गुंडाळा. कॅपच्या कडेच्या बाहेर प्रत्येक टोकाला एक लाकडी गुटका स्क्रूने बसवा, म्हणजे कॅप दांड्यावरून घसरत नाही. पट्ट्यासाठी टोकाला खाच न करता आय-बोल्ट आरपार घाला.

दांडा आत सरकवणं हा खरा अवघड भाग आहे आणि चार माणसं तेवढ्यासाठीच लागतात. त्याला उपाय आहे: दारं-खिडक्या बसवताना सुतार वापरतात ती हातपंपाची हवेची पिशवी. चपटी असते तेव्हा पाव इंचापेक्षा पातळ, फुगली की दोन इंच. दोन घ्या. कॅप बेडला आवळून धरणारे क्लॅम्प काढल्यावर दोघांमधली फोमची पट्टी थोडी फुगते आणि कडेखाली पिशवी शिरते. मागच्या दोन कोपऱ्यांवर ठेवून आळीपाळीने फुगवा, मागचा दांडा बाजूने सरकवा, हवा काढा. मग तसंच पुढे. पुढचा दांडा केबिनपासून फूटभर मागे, मागचा टेलगेटपासून तेवढाच पुढे. मागचं काचेचं दार जड असतं, म्हणून मागचा दांडा फार पुढे घेऊ नका, कॅप उलटी झुकते.

तुमच्याकडे मागे 18 इंचच आहेत, त्यामुळे टेलगेट गॅरेजात उघडणार नाही. क्लॅम्प आणि वायरिंगचं काम गाडी बाहेर असताना उरका: टेलगेट उघडा, आत शिरा, चार किंवा सहा क्लॅम्प सैल करून काढा, प्लग सोडवा, टेलगेट आणि कॅपचं दार बंद करा. मग गोगलगायीच्या वेगाने उलटं आत. गाडी रस्त्यावर नेऊ नका, एवढंच.

प्लग सोडवायचा राहून जाणं हे या कामातलं सगळ्यात नेहमीचं नुकसान. कॅप वर जाते आणि तिसऱ्या ब्रेक लाइटची वायर मुळासकट उपटून येते. कॅप आणि गाडी यांच्यामध्ये पाणी न शिरणारा जोड बसवा, पुढच्या कोपऱ्यात, क्लॅम्पच्या शेजारी, आणि त्यावर भडक केशरी टेप. म्हणजे क्लॅम्प काढणाऱ्या हाताला तो दिसतोच. हा दिवा चैनीचा नाही. अमेरिकेत 1994 च्या मॉडेलपासून पिकअपना वरचा मधला ब्रेक लाइट सक्तीचा आहे, आणि कॅप केबिनवरचा दिवा झाकते.

उचलताना: चारही पट्टे अडकवा, इंचभर उचला, थांबा. चारही कोपरे सुटलेत का, फोम कुठे चिकटलाय का ते बघा. ऊन खाल्लेला फोम बेडच्या रंगाला चिकटतो, जोर न लावता प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा. मग टर्नबकलने समपातळी, मग सहा इंच, पुन्हा थांबा, मग पूर्ण वर. 200 पौंड उतरल्यावर गाडीचा मागचा भागही अर्धा-पाऊण इंच वर येतो, मोकळी जागा मोजताना तेवढं धरा.

---

सुतारपक्षी

मीनलताईंच्या "मग पूर्ण वर" नंतर एक गोष्ट राहिली. कॅप वर गेली की तिचं ओझं विंचवर ठेवायचं नाही. विंच उचलण्यासाठी, टांगून ठेवायला वेगळी सोय. छतातल्या चार आय-बोल्टशेजारी चार स्वतंत्र आय-बोल्ट, त्यांत ठरावीक लांबीच्या चार साखळ्या, खाली दांड्याच्या टोकाला शॅकल (पिन घालून बंद होणारी यू आकाराची कडी). साखळ्या अडकवल्यावर विंच अर्धा इंच सैल सोडा, ओझं साखळ्यांवर येऊ द्या. महिनोन्महिने ताणात राहिलेली तार, गंजलेला ब्रेक, हँडलला लोंबकळणारं पोरगं, यांतलं काहीही झालं तरी कॅप जागची हलत नाही. विजेच्या हॉइस्टच्या माहितीपत्रकात तर ओझं लटकवून निघून जाऊ नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

साखळी अडकवायला शिडी लागते आणि शिडी कॅपखाली उभी करायची नाही, बाहेरच्या बाजूला. दांड्याची टोकं कॅपच्या बाहेर चार इंच आहेत ती त्यासाठीही.

---

सातारी_टेक्सासात

बरं, कायाक मागे घेतो. पण ट्राय-फोल्डचं काय? तेही छताला?

---

खटपट्या

नको, ते भिंतीला. घडी घालून स्वतःच्या पट्ट्यांनी बांधलं की ते 50-60 पौंडांचं जाड पुस्तक होतं. दोन मजबूत एल-ब्रॅकेट स्टडमध्ये, त्यांवर फोम, कव्हर उभं टेकवून एक पट्टा मधोमध. कमरेच्या उंचीवर ठेवा, एकट्याला उचलून बेडवर टाकता येतं. बिजागऱ्यांच्या रबरावर ओझं येईल असं टांगू नका. घडीच्या बाजूने टांगलं की सांध्यातून पाणी गळायला लागतं.

ज्यांच्याकडे गुंडाळायचं व्हिनाइल कव्हर आहे त्यांनी ते गुंडाळूनच ठेवावं, घडी घालू नये. आणि थंडीत बसवायला जाऊ नये, व्हिनाइल आखडतं आणि शेवटची पट्टी कडेला पोचत नाही. गॅरेजात उबेला ठेवून मग बसवा.

---

व्हीक्रॉस_पुणे

वाचतोय. इथे डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि हायलक्स या पिकअपना फायबरची कॅनोपी (म्हणजे कॅपच) लावणारे आहेत, पण पार्किंग सोसायटीच्या स्टिल्टमध्ये. आरसीसी स्लॅबला अँकर मारून चेन-पुली ब्लॉक टांगला तर?

---

जुना_फोरमन

स्टिल्टचा स्लॅब सोसायटीचा, तुमचा नाही, त्यामुळे आधी लेखी परवानगी. त्याहून महत्त्वाचं, नव्या उंच इमारतींत पोस्ट-टेन्शन स्लॅब असतात. त्यातली ताणलेली केबल ड्रिलखाली आली तर स्लॅबही जातो आणि ड्रिल धरणाराही. आराखडा पाहिल्याशिवाय भोक नाही. चेन-पुली ब्लॉक हूकपासून हूकपर्यंत फूटभर उंची खातो, स्टिल्टमध्ये तेवढी नसते. तुमच्यासाठी चाकांची घोडी बरी: चार पाय, बेडच्या कडेपेक्षा दोन इंच उंच, दोन्ही बाजूंनी बेडला वळसा घालणारी. गाडी उलटी आत, कॅपखालचे दांडे घोडीवर स्क्रू-जॅकने चढवा, गाडी पुढे काढा. चाकांना ब्रेक हवेत.

---

नोव्हीकर

शेवटचं. परत बसवताना फोम दर वेळी बदलायचा का? आणि क्लॅम्प किती घट्ट?

---

मीनल_कोलोराडो

दर वेळी नाही. बोटाने दाबून सोडल्यावर परत वर आला तर चालू द्या. चपटा राहिला तर बदला. बंद पेशींचा फोम घ्या, उघड्या पेशींचा स्पंजासारखा पाणी धरतो. सांधा पुढच्या कोपऱ्यात येऊ देऊ नका. पाणी नेहमी पुढच्या दोन कोपऱ्यांतून शिरतं, कारण तिथे केबिनवरून येणारा वारा पाणी ढकलतो. पट्टी सलग वळवा आणि सांधा मागे टेलगेटजवळ घ्या. कॅप खाली येण्याआधी बेडची कड ओल्या फडक्याने पुसा, फोमखाली अडकलेली वाळू प्रवासभर रंग घासते. कडेवर पारदर्शक संरक्षक फिल्म लावली तर उत्तमच.

क्लॅम्प कोपऱ्यातले आधी, तिरक्या क्रमाने, सगळे हाताने बसवून मग पान्याने. फोम जाडीच्या निम्म्यावर दबला की थांबा, पुढे घट्ट केलं तर फायबरग्लासची कड चिरते. थंडीत तर लवकर. टॉर्क कॅप बनवणाऱ्याने दिला असेल तर तोच पाळा. पहिल्या शंभर मैलांनंतर एकदा पुन्हा आवळा, फोम बसल्यावर क्लॅम्प सैल होतातच. आणि 2015 पासूनच्या एफ-150 चा बेड अॅल्युमिनियमचा आहे. उघडे पोलादी क्लॅम्प थेट लावले तर मिशिगनच्या रस्त्यांवरच्या मिठात त्या जागी पांढरी पूड धरते. अॅल्युमिनियमचे क्लॅम्प घ्या, नाहीतर मध्ये रबराची चकती घाला.